ओटीजीत भाजलेला सर्किट बोर्ड

नाशिकच्या भांडीबाजारात तांब्या-पितळेची भांडी आजही मिळतात; त्यांना कल्हई करणारा मात्र शोधावा लागतो. भांडं तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, पांढरा धूर उठला की कथील टेकवायचं आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायचं. नवसागर तापला की त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा ऑक्साइड खातो आणि उघड्या पडलेल्या धातूला कथील धरतं. सर्किट बोर्डावर चिप बसते ती याच रासायनिक क्रियेने. नवसागराचं काम तिथे राळेपासून केलेला फ्लक्स करतो. तांबं आणि कथील भेटतात तिथे तयार होणारं संयुगही दोन्हीकडे तेच: तांब्याचे ६ अणू, कथलाचे ५.

आजचे बरेचसे सुटे भाग बिनपायांचे असतात. ०६०३ मापाचा रेझिस्टर जेमतेम १.६ मिमी लांब आणि ०.८ मिमी रुंद. काही चिपांचे सांधे तर पोटाखाली असतात. तिथे सोल्डरिंग गनचं टोक पोचतच नाही. म्हणून बोर्डावरच्या तांब्याच्या उघड्या ठिपक्यांवर, म्हणजे पॅडवर, सोल्डर पेस्ट लावायची, चिमट्याने भाग मांडायचे आणि अख्खा बोर्ड एकदम तापवायचा. यालाच रिफ्लो म्हणतात. कारखान्यात त्यासाठी पट्ट्यावर चालणारी लांबलचक भट्टी असते. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी एक-दोन बोर्ड करणाऱ्याला घरातला ओटीजी पुरतो.

पुरतो, पण डायलवर विसंबून नव्हे. ओटीजीचा थर्मोस्टॅट बोर्डाचं तापमान मोजतच नाही. के-टाइप थर्मोकपलचं टोक बोर्डालाच चिकटवलं तरच खरा आकडा कळतो. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, बिनशिशाचं साधारण २१७ला. आधी १५० अंशांपर्यंत जायचं, मग मिनिट-दीड मिनिट हळूहळू तापवत १८०च्या आतच राहायचं. तेवढ्यात फ्लक्स ऑक्साइड साफ करतो आणि जाडजूड भागही बाकीच्यांबरोबर तापतात. शिशाच्या सोल्डरसाठी शिखर २१० ते २२०चं. सोल्डर चकाकलं की थोड्या वेळाने ओव्हन बंद करून दार उघडायचं. बोर्ड थिजेपर्यंत हलवायचा नाही.

खरी गंमत पाहायची ती सोल्डर वितळतानाच. थोडा तिरका बसलेला भाग आपोआप सरळ होतो. वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण त्याला पॅडवर ओढून घेतो. हाच ताण कधी उलटतोही. रेझिस्टरचं एक टोक आधी वितळलं तर तो उभाच राहतो. कारागीर त्याला टूमस्टोन म्हणतात.

अमेरिकेतल्या स्पार्कफन कंपनीने सुरुवातीच्या दिवसांत टोस्टर ओव्हन वापरून पाहिले आणि मग विजेवरच्या साध्या तव्याला पसंती दिली. तवा खालून तापतो, म्हणून एका बाजूच्या बोर्डालाच चालतो. मायक्रोवेव्हच्या वाटेला मात्र जाऊ नये; धातूमुळे आत ठिणग्या उडतात.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. पाकीट फोडून ठेवलेल्या चिपा हवेतला ओलावा शोषतात. भट्टीत त्याची वाफ होते आणि चिप आतून तडकते. या प्रकाराचं नावच पॉपकॉर्निंग. अशा चिपा आधी १२५ अंशांवर काही तास सुकवून घ्याव्या लागतात. प्लास्टिकचे कनेक्टर शेवटी हाताने लावलेलेच बरे.

नवशिक्यासाठी माझं मत बिस्मथच्या पेस्टला. ४२ टक्के कथील आणि ५८ टक्के बिस्मथचं मिश्रण १३८ अंशांलाच वितळतं, त्यात शिसं नसतं आणि छोट्या ओटीजीलाही ते झेपतं. सांधा थोडा ठिसूळ होतो, पण टेबलावरच राहणाऱ्या उपकरणाला तेवढं चालतं.

राळेचा धूर दम्याला निमंत्रण देतो, म्हणून हे काम गच्चीत किंवा उघड्या खिडकीशी करा. शिशाचा धोका वाफेपेक्षा हातांतून पोटात जाण्याचा जास्त. हात साबणाने धुवा. पेस्ट फ्रिजमध्ये ठेवावी लागते, पण दुधाभाज्यांच्या फ्रिजमध्ये नको. आणि एकदा बोर्ड भाजलेल्या ओटीजीत पुन्हा नानकटाई भाजू नका; या कामासाठी जुना, वेगळा ओटीजी घ्या.