विमा नसलेले वाहन आणि जखमींचा औषधोपचार

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतून अहिल्यानगर व पुण्याकडे जाणाऱ्या मार्गावर वाहनांची सतत वर्दळ असते. अशा ठिकाणी धडक देणाऱ्या वाहनाचा विमाच उतरविलेला नसेल, तर जखमीच्या उपचाराचा खर्च कोणी सोसावयाचा? मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे; तथापि तो न उतरविणारे वाहनमालक थोडे नाहीत.

५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार, नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिनांकापासून सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांच्या मर्यादेत जखमीस पैसे न भरता उपचार मिळू शकतात. त्यापुढील खर्चासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. विमा नसलेले वाहन पुरेशा तारणाशिवाय मालकास परत देता येत नाही. तारण न दिल्यास तीन महिन्यांनंतर त्याचा लिलाव होऊन रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा होते.

म्हणूनच अपघाताची पोलिसांत तात्काळ नोंद करणे आणि औषधांची प्रत्येक पावती जपून ठेवणे आवश्यक ठरते. जखमीचे कुटुंब जमीन गहाण टाकण्यापूर्वी ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचविणे, हे शिक्षकांचे व पंचायत सदस्यांचे मोलाचे कार्य होय.