रौप्यनाण्यांवरील काळे व पांढरे डाग

धातूंच्या विकारांसाठी मराठीने वेगवेगळी क्रियापदे राखून ठेवली आहेत. लोखंड गंजते, चांदी काळवंडते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यातील ताक कळकते. या तिन्ही शब्दांच्या मुळाशी समजूत एकच आहे : विकार संसर्गाने, बाहेरून होतो, आणि वस्तू नीट सांभाळली असती तर तो टळला असता. गुंतवणुकीसाठी पाडलेल्या शुद्ध चांदीच्या नाण्यांवर कालांतराने जे डाग उमटतात, त्यांपैकी काहींना ही समजूत लागू पडते, काहींना मुळीच पडत नाही. हा भेद ध्यानी न आल्यामुळे नाण्याचा धनी स्वतःस विनाकारण दोष देतो, आणि पुष्कळदा डाग घालविण्याच्या खटपटीत नाणेच बिघडवून बसतो.

काळवंडण्याची प्रक्रिया परिचित आहे. सामान्य तापमानात निव्वळ प्राणवायूचा चांदीवर फारसा परिणाम होत नाही. परंतु हवेत हायड्रोजन सल्फाइडचा अत्यल्प अंश असला, तरी पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर धरू लागतो. हा थर प्रारंभी काळा दिसत नाही. त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठावरून परावर्तित होणारे प्रकाशकिरण परस्परांत मिसळून व्यतिकरण घडते, आणि थराच्या जाडीनुसार प्रथम फिकट पिवळा, मग तांबूस-जांभळा, पुढे निळा असे रंग दिसतात. थर पुरेसा जाड झाला म्हणजे नाणे काळे पडते. हा विकार सर्वांनाच अप्रिय असतो असेही नव्हे. अमेरिकेतील मॉर्गन डॉलर (1878–1904 व 1921) हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत दीर्घकाळ पडून राहिले. त्यांतील कापडास भिडलेल्या काही नाण्यांवर इंद्रधनुष्यासारखी छटा चढली, आणि तिच्यासाठी संग्राहक अधिक किंमत मोजतात. एकाच रासायनिक क्रियेस कोठे डाग म्हणावे आणि कोठे शोभा, हे रसायनशास्त्र ठरवीत नाही.

पांढऱ्या डागांची गोष्ट निराळी आहे. इंग्रजीभाषी संग्राहक त्यांना दुधाचे डाग म्हणतात. मराठीत त्यांच्यासाठी रूढ शब्द नाही. कॅनडाच्या टांकसाळीने 1988 साली चांदीचे ‘मेपल लीफ’ नाणे काढले. एक ट्रॉय औंस, म्हणजे सुमारे 31.1 ग्रॅम वजनाचे हे नाणे 99.99 टक्के शुद्ध असते. तरीही या डागांबद्दल त्याचीच सर्वाधिक अपकीर्ती झाली. अमेरिकेचे ‘ईगल’, ब्रिटनचे ‘ब्रिटानिया’, ऑस्ट्रियाचे ‘फिलहार्मोनिक’ ही नाणीही त्यांतून सुटलेली नाहीत. टांकसाळीच्या बंद नळकांड्यातून कधी बाहेर न काढलेल्या नाण्यांवरही काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, हे डाग प्रकट होतात.

याची सामान्यतः मान्य झालेली उपपत्ती अशी. नाणे पाडण्यापूर्वी चांदीच्या पत्र्यातून कोऱ्या चकत्या कापतात, त्या धुतात, आणि मऊ व्हाव्यात म्हणून भट्टीत तापवितात. धुण्याच्या द्रावाचा लेश चकतीवर राहून गेला, तर तो उष्णतेने पृष्ठभागात मुरतो आणि ठशाच्या दाबाखाली तेथेच बसतो. नाणे टांकसाळीतून निघताना तो डोळ्यांस दिसत नाही. पुढे सावकाश पांढरा होऊन उमटतो. दोष साठवणीचा नव्हे, घडणीचा होय. कॅनडाच्या टांकसाळीने 2018 पासून पृष्ठभागावर संरक्षक प्रक्रिया करण्यास आरंभ केला, ही गोष्टही याच उपपत्तीशी सुसंगत आहे. अर्थात टांकसाळीने दावा केला तो डाग कमी होण्याचा.

महाराष्ट्रात देवघरातील चांदी रांगोळीने किंवा दंतमंजनाने घासण्याची रीत आहे. पूजेच्या उपकरणांस ती चालते, नाण्यास नाही. शुद्ध चांदी फार मऊ असते, आणि घासल्याने पडलेले सूक्ष्म ओरखडे कायमचे राहतात. बाजारातील रौप्यशोधक द्राव काळा थर काढतात खरे, पण त्याबरोबर मूळ झळाळीही नेतात. पांढऱ्या डागांवर तर त्यांचा बहुधा उपयोगच होत नाही.

काळ्या डागांपुरती मात्र साठवणीची काळजी सार्थ आहे. रबराच्या पट्ट्या व लोकर यांत गंधक असते, म्हणून ती दूर ठेवावीत. मऊ पीव्हीसीच्या पिशव्यांतून चिकट द्रव्य पाझरते. ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते, आणि पांढरा डाग विरघळत नाही. दोहोंतील फरक ओळखण्याची ही सोपी खूण आहे. मात्र त्या वेळी नाणे पुसू नये, केवळ बुडवून काढावे.

वितळविणाऱ्यास या कशाचेच सोयरसुतक नसते, तो 31.1 ग्रॅमचे दाम देतो. भाव पडतो तो संग्राहकाकडे. तेथे पांढऱ्या डागाच्या नाण्याहून घासलेल्या नाण्याकडे अधिक नापसंतीने पाहिले जाते.