शेलबर्नच्या शेतांतील पायवाटा

शेत पाहावयास जाणें ही गोष्ट आपणां शहरवासीयांस अगदींच नवी नाहीं. परिचयाच्या कोणाचें शेत असावें, त्यानें आग्रहानें बोलवावें, आणि हुरड्याच्या किंवा उसाच्या रसाच्या निमित्तानें आपण एक दिवस तेथें काढावा, असा आपला परिपाठ. परंतु ज्या शेताच्या मालकाशीं आपली कसलीहि ओळख नाहीं, तेथें जावें, आंखून दिलेल्या पायवाटांनीं मन मानेल तितकें हिंडावें व परत यावें. आणि तें शेत मात्र देखाव्यासाठीं मांडलेलें नसून खरोखर चालतें असावें, हा प्रकार थोडा निराळा आहे. श्रोतेहो, अशा एका शेताची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांत, कॅनडाला लागून, व्हर्मोंट नांवाचें लहानसें संस्थान आहे. त्याच्या पश्चिम सीमेवर शँप्लेन सरोवर लांबच लांब पसरलें आहे. या सरोवराच्या कांठीं शेलबर्न गांवीं १८८६ सालीं विल्यम सेवर्ड वेब व त्यांच्या पत्नी लीला व्हँडरबिल्ट वेब यांनीं जमिनी विकत घेण्यास आरंभ केला. वेब हे मूळचे डॉक्टर, पुढें रेल्वेच्या धंद्यांत शिरलेले. पत्नी तर व्हँडरबिल्ट या रेल्वेसम्राटांच्या घराण्यांतली. शेजारशेजारचीं अनेक लहान शेतें एकत्र करून त्यांनीं हजारों एकरांची जहागीरच उभी केली. न्यूयॉर्कचें सेंट्रल पार्क ज्यांच्या कल्पनेंतून उतरलें त्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनीं शेत, कुरण व रान यांची मांडणी सुचविली. रस्ते सरळ न नेतां वळणावळणानें नेले, म्हणजे सरोवर एकदां दिसावें, पुन्हां झाडींत लपावें. आजचा पादचारी या योजनेचें फळ चाखतो.

वेब यांस घोड्यांची पैदास सुधारावयाची होती. त्यासाठीं १८९१ सालीं बांधलेली ४१८ फूट लांबीची पागा अद्याप उभी आहे. पण लौकरच मोटारगाडी आली आणि घोड्यांचा तो सारा खटाटोप व्यर्थ गेला. मोठ्या जहागिऱ्यांचा शेवट बहुधा एकाच रीतीनें होतो : कर डोईजड होतात, वारस वाढतात आणि जमिनीचे तुकडे बंगल्यांसाठीं विकले जातात. येथें तसें झालें नाहीं. वेब यांच्या वंशजांनीं १९७२ सालीं एक शिक्षणसंस्था स्थापन केली व पुढें १९८४ सालीं मृत्युपत्रानें इस्टेट तिच्या हवालीं झाली. उरलेली जमीन सुमारें १,४०० एकर. २००१ सालीं तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला.

आतां जुनी वास्तु जपावयाची, तर तिला कुंपण घालून पहारेकरी ठेवला म्हणजे बरेंचसें काम भागतें. शेत मात्र तसें जपतां येत नाहीं. गुरें चरलीं नाहींत, गवत कापलें नाहीं, तर थोड्याच वर्षांत कुरणांत झुडपें माजतात आणि मग रान होतें. जो मोकळा हिरवा उतार व त्यापलीकडे सरोवर आणि अॅडिराँडॅक पर्वताची रांग पाहण्यास माणसें दुरून येतात, तो उतार गाईंनीं व यंत्रांनीं राखलेला आहे. येथील गाई ब्राउन स्विस जातीच्या; त्यांच्या दुधाचें चेडर चीज तेथेंच तयार होतें. कुरणाचे तारेनें लहान तुकडे पाडून गाई थोडथोड्या काळानें एकांतून दुसऱ्यांत हलवितात, म्हणजे चरलेल्या गवतास पुन्हां फुटण्यास अवसर मिळतो.

या गवताचाच एक पेंच आहे, आणि तो ठाऊक असल्यावांचून पायवाटांचे नियम उमगत नाहींत. बॉबोलिंक नांवाचा एक पक्षी दर वसंतांत दक्षिण अमेरिकेंतील बोलिव्हिया, पॅराग्वे, अर्जेंटिना या मुलखांतून येथें येतो. जाऊन येऊन त्याचा वर्षाचा प्रवास सुमारें १२,५०० मैलांचा. विणीच्या दिवसांत नराचें पोट काळें, पाठीवर पांढरे पट्टे आणि मानेमागें फिकट पिवळा ठिपका असतो. जणूं कोणी कोट उलटा चढविला आहे. मादी चिमणीसारखी मातकट. घरटें झाडावर नव्हे, गवतांत जमिनीवर असतें. जुन्या काळीं येथील शेतकरी गवत जुलैमध्यें कापीत, तोंवर पिलें उडून गेलेलीं असत. परंतु गवत जून झालें कीं त्यांतील सत्त्व घटतें व दुधाळ गाईस तें पुरत नाहीं. म्हणून आतां पहिली कापणी मेअखेरीस वा जूनमध्यें होते व हंगामांत तीनचार वेळां यंत्र फिरतें. घरट्यांत अंडीं असतांना यंत्र फिरलें, तर बहुतेक सारीं घरटीं नष्ट होतात. गाईचा चारा व पांखराचें पिलूं यांच्या वेळा एकमेकांवर येतात, हें दुखणें.

व्हर्मोंट विद्यापीठांतील अॅलन स्ट्राँग आणि त्यांचे सहकारी नोआ पेर्लट यांनीं या खोऱ्यांतील कुरणांत, त्यांत शेलबर्नच्याहि, वर्षानुवर्षें घरटीं मोजलीं. त्यांतून निघालेला तोडगा असा : पहिली कापणी जूनच्या आरंभापूर्वीं उरकावी आणि मग ६५ दिवस त्या शेतास हात लावूं नये. शेतकऱ्यास पहिलें कसदार गवत मिळतें, पक्षी पुन्हां घरटें बांधून पिलें वाढवितात. दुसरें गवत मात्र निकृष्ट होतें, आणि तो तोटा भरून देण्याची योजना सरकारास काढावी लागली. नुसत्या भूतदयेवर दुग्धव्यवसाय चालत नाहीं, हें तेथील लोकांनीं मोकळेपणीं मान्य केलें, याचें मला कौतुक वाटतें. तेव्हां जुलैमध्यें गुडघाभर गवत उभें दिसलें, तर शेतकरी आळशी आहे असा ग्रह करूं नये. तें मुद्दाम ठेवलेलें असूं शकतें.

म्हणूनच पायवाट सोडून गवतांत शिरूं नये. छायाचित्रासाठीं चार पावलें आंत गेल्यानें काय होतें, असें प्रत्येकास वाटतें. पण तीं चार पावलें दिवसांतून पन्नास जण टाकतात. फाटक ज्या स्थितींत आढळेल त्याच स्थितींत सोडावें. उघडें असेल तर गाईंना पाण्याकडे जातां यावें म्हणून तें तसें ठेवलेलें असूं शकतें. एकेरी तार दिसली तर तिच्यांत विजेचा प्रवाह आहे असेंच धरून चालावें. जिवास धोका नसतो, पण झटका चांगलाच बसतो. एप्रिलमध्यें बर्फ वितळून वाटा चिखलमय होतात. त्या दिवसांत चालल्यास वाटेचें बूड निघतें, म्हणून तेव्हां जाऊंच नये.

शेवटीं एक सूचना, आणि ती विशेषतः मुलें बरोबर नेणाऱ्या गृहिणींसाठीं. या प्रदेशांत गवतांतून व रानांतून एक बारीक गोचीड असते. तिच्यामुळें लाइम नांवाचा ज्वर होतो. १९७५ च्या सुमारास कनेक्टिकट संस्थानांतील लाइम गांवीं जे रोगी आढळले त्यांवरून हें नांव पडलें. उन्हाळ्यांत तिचें पिलूं खसखशीच्या दाण्याएवढें असतें. फिकट रंगाचे लांब पायजमे घालावे व त्यांचीं टोकें मोज्यांत खोंचावीं. परत आल्यावर लौकर स्नान करून गुडघ्यामागें, काखेंत व केसांत नीट पाहावें. गोचीड आढळल्यास चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल लावणें, चटका देणें असले उपाय करूं नयेत. बहुधा ती चोवीस तासांहून अधिक काळ चिकटून राहिली तरच रोग देते, त्यामुळें त्याच संध्याकाळीं पाहिलें म्हणजे पुष्कळसें भय टळतें.