जुन्या रिपीटरची दुरुस्ती : पावसाळ्यापूर्वीचे एक काम



३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जण दगावले. गावावर काय ओढवले हे बाहेर कळले ते नेहमीची फेरी घेऊन आलेल्या एका एसटी चालकामुळे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली, तेव्हा वर जायला चढाची पायवाटच होती. दोन्ही ठिकाणी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान धावून गेले. या दलाची ५ वी बटालियन आपल्या मावळातच, सुदुंबरे येथे आहे. पण मदत जवळ असून भागत नाही, हाक तिच्यापर्यंत पोचावी लागते. मोबाइलचे टॉवर बंद पडले की वायरलेस संच उपयोगी पडतो, आणि डोंगराळ भागात त्याला रिपीटरची जोड लागते.

रिपीटर म्हणजे काय?

हातातला वॉकीटॉकी साधारण ५ वॅटचा असतो. मध्ये डोंगर आला की त्याचा आवाज अडतो. म्हणून उंच जागी रिपीटर ठेवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच जोरात बोलतो. हौशी रेडिओच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यात या दोहोंमध्ये बहुधा ६०० किलोहर्ट्झचे अंतर असते. 'जोरात' बोलण्याचे काम पॉवर अॅम्प्लिफायरचे. जुन्या रिपीटरमध्ये बहुतेक वेळा हाच भाग थकतो.

कारण सोपे आहे. ५० वॅट बाहेर सोडताना जवळजवळ तेवढेच वॅट उष्णता होऊन आत राहतात. साधा संच थोडे बोलून गप्प बसतो. रिपीटरला मात्र संकटाच्या वेळी तासन्‌तास बोलावे लागते. धुळीने पंखा अडकतो, हीटसिंकवरची पेस्ट सुकते, तापून-निवून सोल्डरला बारीक तडे जातात.

आधी अॅम्प्लिफायर उघडू नका

आमच्या ओळखीच्या एका परवानाधारक मित्राने असाच संच टेबलावर घेतला, तेव्हा पहिल्यांदा त्याने स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवला. त्याचा क्रम असा :

१. अँटेनाची केबल काढून ५० ओहमचा डमी लोड आणि वॅटमीटर जोडावा. आता पॉवर पूर्ण मिळाली, तर दोष वर केबलमध्ये किंवा अँटेनात आहे. कनेक्टरमध्ये पावसाचे पाणी शिरणे ही नेहमीची गोष्ट. एसडब्ल्यूआर ३ झाला की पाव पॉवर परत फिरते. हे न पाहता नवा ट्रान्झिस्टर बसवला, तर तोही जळू शकतो.

२. व्होल्टेज अॅम्प्लिफायरच्या टोकांवर आणि संच बोलत असतानाच मोजावे. रिकामे असताना १३.८ दिसते. भार पडताच ते ११ वर आले, तर बॅटरी, पॉवर सप्लाय किंवा गंजलेला जोड दोषी आहे.

३. आधीच्या टप्प्यातून पुरेशी पॉवर आत येते का, हे पाहावे.

४. मग करंट पाहावा. ५० वॅटला साधारण ७ ते ८ अँपिअर लागतात. करंट मुळीच नसेल, तर फ्यूज, बायस किंवा ट्रान्झिस्टर तपासावा. करंट भरपूर पण पॉवर कमी असेल, तर कपॅसिटर किंवा ट्रान्झिस्टर खराब असू शकतो.

त्या संचात ट्रान्झिस्टर चांगला होता. त्याच्या पायाशी सोल्डर तडकले होते आणि पेस्ट भुकटी झाली होती.

दोन इशारे

जुन्या पॉवर ट्रान्झिस्टरमधील पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे, म्हणून तो फोडू, घासू किंवा कापू नये. आणि जुने ट्रान्झिस्टर बाजारात नकलीही मिळतात. स्वस्त सुटा भाग घेऊन डोंगर दोनदा चढावा लागू नये.

दुरुस्तीनंतर संच तासभर डमी लोडवर चालवून मगच वर न्यावा. शक्य असेल तर ५० ऐवजी २५ वॅटवरच ठेवावा. फरक ३ डेसिबलचाच पडतो, ऐकणाऱ्याला तो जेमतेम जाणवतो, पण उष्णता कमी होते.

हे काम मात्र जाणकाराचेच. भारतात हौशी रेडिओच्या पट्ट्यात परवान्याशिवाय बोलायला मनाई आहे. हौशी परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. आपल्या तरुणांपैकी कोणाला यात गोडी असेल, तर त्याला त्या परीक्षेची वाट दाखवा. आणि ज्यांच्या हाती असा संच आहे, त्यांनी तो मे महिन्यातच तपासावा. जुलैच्या रात्री दरड कोसळल्यावर केबलमधले पाणी शोधायला कोणालाच सवड नसते.