पत्र्याला पन्हळी का?

जूनच्या आधी नेरूळ, वाशीच्या गच्च्यांवर शेड उभारायची घाई सुरू होते. त्यावरून एका वाचकाचा प्रश्न आलाय: पत्रा सपाट का नसतो? पाणी वाहून जावं म्हणून, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच.

अर्धा मिलिमीटर जाडीचा सपाट पत्रा दोन टोकांवर टेकवला तर स्वतःच्याच वजनानं झोळ खातो. त्यालाच १८ मिलिमीटर खोल पन्हळी पाडल्या की लांबीच्या दिशेनं तो वाकवणं सुमारे दोन हजार पट अवघड होतं! पत्रा वाकताना वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. या दोहोंत अंतर जितकं जास्त तितका विरोध मोठा, आणि तो अंतराच्या वर्गानं वाढतो. आडव्या दिशेनं मात्र हाच पत्रा चटईसारखा गुंडाळता येतो. म्हणून पन्हळी नेहमी उताराच्या दिशेनं, शेडच्या आडव्या पाइपांना छेदून टाकतात. पाण्याची वाट आणि ताकदीची दिशा एकच, हे मला फार सुंदर वाटतं. जाणता कारागीर स्क्रूही उंचवट्यावरच मारतो, रबरी वॉशर लावून. खोलगट भागातून पाणी धावतं, तिथे भोक म्हणजे गळती.

ही युक्ती हेन्री रॉबिन्सन पामरची. लंडनच्या गोद्यांच्या या अभियंत्यानं १८२९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. गंज रोखणाऱ्या जस्ताच्या मुलाम्याचं फ्रेंच अभियंता सोरेलचं पेटंट १८३७ चं, म्हणजे नंतरचं. आज घड्यांचं विज्ञान म्हटलं की जपानी संशोधक कोर्यो मिउरांच्या घडीचं सौरपटल आठवतं. १९९५ मध्ये अंतराळात उलगडलेलं ते पटल थोरच. पण घडीची ताकद जणू आत्ताच सापडली अशा थाटाचे मथळे वाचले की पामरसाठी वाईट वाटतं. निम्म्या जगाच्या डोक्यावर त्याचं छप्पर आहे, नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही.

हीच युक्ती कागदातही आहे: वाशीच्या फळबाजारात हापूसचा पुठ्ठ्याचा खोका दिसला तर त्याची कापलेली कड पाहा. दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद, आणि त्याच्या पन्हळी उभ्या. इथे भार वरून येतो, म्हणून दिशा बदलली. थप्पीतल्या तळच्या खोक्याच्या भिंती याच उभ्या नळ्यांवर तग धरतात. पण कागद हवेतली ओल शोषतो, नळ्या मऊ पडतात आणि थप्पी तळातून बसू लागते. त्यामुळे दमट हवेत थप्पी कमी उंचीची लावावी लागते.