दहा सेकंदांचा भाव

नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या आसमंतात, जेथे उच्चदाबाच्या तारा डोक्यावरून चहूदिशांस गेलेल्या आहेत, तेथे मध्यमलहरींवरील आकाशवाणी लावली की निवेदकाच्या आवाजात तारांची खरखर मिसळते. एफएमला हा उपद्रव फारसा होत नसल्यामुळे, रात्रपाळी संपवून घरी आलेला कामगार, महालक्ष्मी जगदंबेच्या देवळाबाहेर नारळ-ओटीचे दुकान मांडून बसलेली बाई आणि महादुल्यातील केशकर्तनालयाचा मालक या सर्वांनी एफएमचीच कास धरलेली दिसते. हा श्रोता रेडिओ केंद्राला एक पैसाही देत नाही. पूर्वी रेडिओचा परवाना पोस्टात पैसे भरून दरसाल नवा करून घ्यावा लागे. तो रद्द झाल्यापासून कोणत्याही सरकारी दप्तरात श्रोता म्हणून त्याचे नावसुद्धा उरलेले नाही. पैसे देतो तो जाहिरातदार, आणि त्याला हवा असतो तो हाच बिनपैशाचा श्रोता.

नागपुरातील एका केंद्राच्या निवेदनकक्षात बसून हा व्यवहार जवळून पाहण्याचा योग मला अनेकदा आला. निवेदकासमोर, पूर्वी कागदावर आणि हल्ली संगणकाच्या पडद्यावर, क्यूशीट असते. गाणे, निवेदन आणि जाहिरात यांचा सेकंदागणिक हिशेब तिच्यात मांडलेला असतो. आणि ऐन वेळी विक्री विभागाकडून एखादी जादा जाहिरात आली, की कोठून तरी वेळ काढणे भाग पडते. जाहिरातीचे सेकंद विकले गेलेले असल्याने त्यांना हात लावता येत नाही, म्हणून पहिली कुऱ्हाड गाण्यावर कोसळते आणि शेवटचा अंतरा सुरू होण्याच्या आतच आवाज उतरवणारा फेडर खाली ओढला जातो. त्या एका अंतऱ्याच्या मोबदल्यात केंद्राच्या जमेस काही रक्कम पडते हे खरे. पण ज्याला ते गाणे तोंडपाठ आहे त्याचे मन अशा वेळी विटते, आणि असे वारंवार घडले की तो दुसरे केंद्र लावतो. जाणता निवेदक यातून निराळी वाट काढतो: जाहिरातींचा भार अधिक असलेल्या तासासाठी तो आधीच सव्वातीन मिनिटांची गाणी निवडून ठेवतो आणि ती अखेरपर्यंत वाजवतो, पाच-सहा मिनिटांची गाणी निवांत रात्रीसाठी राखतो. उत्पन्न तेवढेच येते आणि गाण्याचीही अप्रतिष्ठा होत नाही. गुणवत्तेचा प्रश्न असा बहुधा नियोजनाच्या मेजावरच सुटतो किंवा बिघडतो, असे माझे मत झाले आहे.

लोकांना जे आवडते ते वगळले म्हणजे गुणवत्ता राखली जाते, असाही एक समज होता, आणि त्याची कसोटी आपल्याच देशात लागली. 1952 साली नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आले. स्वतः संगीताचे जाणकार असलेल्या या मंत्र्याने अभिजात संगीताला आकाशवाणीवर मानाचे स्थान दिले, त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु चित्रपटगीतांना त्यांनी जवळजवळ दरवाजाच बंद केला, तेव्हा श्रोते उठून रेडिओ सिलोनकडे गेले आणि त्यांच्यामागोमाग जाहिरातदारांचा पैसाही समुद्रापार गेला. 3 ऑक्टोबर 1957 रोजी चित्रपटगीतांना जागा देणारी विविध भारती सुरू झाली ती या अनुभवानंतर. पुढे प्रसारण-माध्यमांसाठी सरकारने नेमलेल्या चंदा समितीच्या शिफारशीनंतर 1 नोव्हेंबर 1967 पासून विविध भारतीवर जाहिराती घेण्यास आरंभ झाला, आणि त्यासाठी जी पहिली केंद्रे निवडली गेली त्यांत मुंबई-पुण्याच्या जोडीला नागपूर होते. प्रसारणाचा वेळ मोजून विकण्याची विद्या विदर्भाला अशी आरंभापासूनच परिचयाची आहे.

कोराडीसारख्या गावात स्वतःचे केंद्र काढावयाचे झाले, तर सामुदायिक रेडिओची वाट मोकळी आहे. साधारण 100 वॅट शक्तीचा प्रक्षेपक, दहा-बारा किलोमीटरचा टापू, निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार करण्याची अट, आणि चालक संस्था नफा न कमावणारी असली पाहिजे असा दंडक. 2024 मध्ये या केंद्रांची जाहिरातीची मर्यादा ताशी 7 मिनिटांवरून 12 मिनिटांवर नेण्यात आली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांस 52 रुपयांवरून 74 रुपये झाला. हिशेब मांडला तर पूर्वी तासाचे फार तर 2,184 रुपये झाले असते, ते आता 5,328 होतील. मात्र सर्वच्या सर्व सेकंद सरकारी जाहिरातींनी भरतील, अशी अपेक्षा कोणी धरू नये. राहिलेले सेकंद बियाण्यांचा दुकानदार, मंगल कार्यालयाचा मालक, शिकवणी वर्गाचे संचालक यांच्याकडून भरून घ्यावे लागतात. यात एक हित आहे. हा जाहिरातदार त्याच टापूत राहतो, तेच केंद्र ऐकतो, आणि गाणे मध्येच तोडले गेले तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक त्याच्याच गल्ल्यापाशी उभे राहून तक्रार करते. धोकाही तेथेच आहे. आज जाहिरात देणारा उद्या स्वतःची मुलाखत मागतो आणि तिला कार्यक्रमाचे रूप द्यावे असा तगादा लावतो. ती मुलाखत घ्यावयाची तर 'जाहिरात' असे स्पष्ट सांगूनच घ्यावी.

कोराडीत याहून कठीण प्रसंग उभा राहील. येथील सर्वांत मोठा कारभार विजेचा, म्हणून सर्वांत मोठा प्रायोजकही त्याच क्षेत्रातून किंवा त्यावर चालणाऱ्या कंत्राटदारांतून मिळणार. आणि या भागातील शेतकऱ्याला ज्या विषयावर तज्ज्ञाचे बोलणे ऐकावयाचे आहे, तो विषय कोळशाच्या राखेचा, तिच्यामुळे विहिरीच्या पाण्याचे आणि संत्र्याच्या बागेचे काय होते याचा असणार. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई असली तरी शेती आणि आरोग्य यांवरील संभाषणास आडकाठी नाही. आडकाठी येईल ती ताळेबंदातून. म्हणून, असे केंद्र काढणाऱ्या संस्थेने आपल्या घटनेतच कलम घालून ठेवावे, की कोणत्याही एका प्रायोजकाकडून वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या चौथाईहून अधिक रक्कम स्वीकारली जाणार नाही, आणि शेती व आरोग्याच्या कार्यक्रमांचे विषय ठरविणाऱ्या बैठकीस विक्री पाहणारा इसम हजर राहणार नाही. हे कलम पहिला करार होण्यापूर्वी लिहिले गेले पाहिजे. पैसे आल्यानंतर ते मंजूर करून घेणे फार अवघड होते.