नगरच्या फरारबाई

भोरहून शिरवळला जाताना नीरा ओलांडली की पुणे जिल्हा मागे राहतो आणि सातारा सुरू होतो. या शिरवळच्या बाजाराची एक गोष्ट आमच्या भागात घरोघर सांगितली जाते. सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रांतूनही ती येते. नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची पोर बाजारला गेली. तिथे कुणा मिशनऱ्याने तिच्या हाती एक पुस्तक दिले. वडिलांनी ते फेकून दिले, पण पोरीने हळूच उचलून जपले आणि लग्न होऊन पुण्याला जाताना सोबत नेले. गोष्टीतला मिशनरी अनामिक आहे आणि गोष्टीला तेवढा पुरतोही. नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. फुले दांपत्याच्या शाळेमागे जिचे नाव कागदोपत्री लागलेले आहे, त्या बाईलाही आपण जवळपास अनामिकच ठेवले आहे. ‘नगरची मिस फरारची शाळा’ एवढा उल्लेख करून चरित्रकार पुढे जातो.

सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ सालचा, अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात मार्लबरो येथला. (मराठीत ‘फरार’ म्हणजे पळून गेलेला. या बाईंच्या बाबतीत आडनावाने अगदीच उलटा न्याय केला!) बॉस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेचे मिशनरी १८१३ पासून मुंबईत होते आणि १८२४ मध्ये त्यांनी मुलींची शाळाही काढली होती. पण ती चालवायची कोणी? पुरुष मिशनऱ्याला मुलींत वावरणे अवघड. मिशनऱ्यांच्या बायका बाळंतपणे, आजारपणे आणि घरातले मृत्यू यांतच अडकलेल्या. म्हणून मुंबईहून मागणी गेली, की मुलींच्या शाळांवर देखरेख करायला एक अविवाहित बाई पाठवा.

जून १८२७ मध्ये फरारबाई बॉस्टनहून जहाजात बसल्या आणि डिसेंबरअखेर मुंबईला उतरल्या. वय ३२. बोर्डाने केवळ शाळेच्या कामासाठी परदेशी धाडलेल्या त्या पहिल्या अविवाहित गोऱ्या स्त्री. ‘गोऱ्या’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. बेट्सी स्टॉकटन ही गुलामीतून सुटलेली कृष्णवर्णीय स्त्री त्यांच्याआधीच, १८२२ मध्ये, बोर्डाच्याच तांड्याबरोबर हवाई बेटांवर गेली होती आणि तिथे तिने शाळाही चालवली; पण ती एका मिशनरी कुटुंबाची मदतनीस म्हणून गेल्याने ‘पहिली’च्या मोजणीतून अनेकदा गळते. फरारबाईंचा हुद्दाही ‘सहायक मिशनरी’ एवढाच होता. मिशनचे निर्णय पुरुष घेत. शाळा बाईंच्या, ठराव मात्र साहेबांचे.

मुंबईत दोनच वर्षांत मुलींच्या शाळांचा पट सुमारे ४०० वर गेला. वाचन, लेखन, साधे शिवणकाम आणि अर्थातच ख्रिस्ती धर्माचे पाठ असा तिथला क्रम होता. नव्या कराराचा मराठी अनुवाद १८२६ मध्येच पुरा झाला होता आणि मिशनचा छापखाना हाताशी होता. दहा वर्षांनी प्रकृती ढासळली तेव्हा त्या मायदेशी गेल्या, पण राहिल्या नाहीत. १८३९ मध्ये परत आल्या त्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला.

त्यांचे वेगळेपण कळायला त्याच बोर्डाची दुसरी एक शिक्षिका पाहावी. न्यूयॉर्क राज्यातील नार्सिसा प्रेंटिस हिला अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीपलीकडे आदिवासींत काम करायचे होते. एकट्या बाईला तिकडे पाठवायला बोर्ड राजी नव्हते. तिने १८३६ मध्ये डॉ. मार्कस व्हिटमन यांच्याशी लग्न केले आणि रॉकी पर्वत ओलांडून कायूस लोकांच्या मुलखात संसार थाटला. दोन वर्षांची मुलगी नदीत बुडाली. पुढे मिशनचे घर पश्चिमेकडे निघालेल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांचा मुक्काम बनले. मागून गोवर आला, कायूसांची मुले पटापट मेली, आणि २९ नोव्हेंबर १८४७ रोजी संतापलेल्या कायूसांनी व्हिटमन पतिपत्नींना ठार केले. तिथे शाळेच्या पाठोपाठ जमीन गिळणारे लोक येत होते. ती शाळा आपली मानायला कायूसांना सवडच मिळाली नाही.

नगरलाही राज्य परक्यांचेच होते, पण शाळेमागून वसाहतकऱ्यांचे तांडे येत नव्हते. कायूसांना जी सवड मिळाली नाही ती इथे मिळाली. जोतीराव फुले यांनी १५ सप्टेंबर १८५३ च्या ‘ज्ञानोदया’त सांगितलेली हकिगत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याबरोबर ते नगरला गेले, फरारबाईंच्या देखरेखीखालच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि तिथली शिकवण्याची रीत त्यांना पसंत पडली. पुण्यास परतून १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा घातली. सतरा वर्षांच्या सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. त्यांनी शिक्षिकेचे धडे नगरला फरारबाईंकडे घेतले, असे काही चरित्रकार लिहितात.

या ठिकाणी आपला इतिहास दोन टोकांना जातो. कोणी सगळे श्रेय मिशनला देऊन मोकळे होतात, तर कोणी बाटवाबाटवीचा डाव म्हणून बाईंचे नावच पुसतात. फरारबाई धर्मप्रसारासाठी आल्या होत्या आणि ते त्यांनी लपवलेही नाही. पण जोतीरावांनी नगरहून पुण्याला काय आणले, हे नीट पाहावे. शाळा आणली, धर्मांतर आणले नाही. कोणती वस्तू उचलायची आणि कोणती तिथेच ठेवायची, हे घेणाऱ्याने ठरवले. माझ्या मते त्या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि तो देणाऱ्याच्या हिशेबात बसत नाही. बोर्डाच्या लेखी शाळा हे चर्च वाढवण्याचे साधन होते. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीला आले तेव्हा त्यांचा सूर हाच होता. पुण्याच्या वाड्यातली ती शाळा त्यांच्या कोणत्याही रकान्यात मावणारी नव्हती.

फरारबाईंनी लग्न केले नाही, मोठा ग्रंथ लिहिला नाही. मधली सुटी धरून ३४ वर्षे मुंबई आणि नगर या दोन गावांत मुलींचे पट सांभाळले. २५ जानेवारी १८६२ रोजी नगरलाच त्यांचे निधन झाले.

दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, भोर-वेल्ह्याच्या शाळांतल्या मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवे कुंकू रेखून भाषणे करतात. गेल्या खेपेला मी एका वाडीवरच्या शाळेत पाहुणा होतो. चौथीतल्या एका मुलीने भाषण संपवून मला विचारले, “पण सावित्रीबाईंच्या बाई कोण होत्या?” मी नाव सांगितले. तिने ते दोनदा घोकले आणि हसू दाबत म्हणाली, “फरार?”